पडदा बोलतो, पण पोर बोलतें का?

हल्लीं सुगी आटोपून चार पैसे घरांत येण्याच्या सुमारास खेडोपाडीं एक नवाच फेरीवाला दिसूं लागला आहे. पूर्वीं कासार येई, बोहारीण येई, खुरपीं-विळे घेऊन घिसाडी येई. त्यांचा माल हातांत घेऊन, वाजवून, पारखून घेतां येत असे. ह्या नव्या माणसाच्या खांद्याला पिशवी, पिशवींत कांचेची पाटी, आणि त्या पाटींत म्हणे सबंध इंग्रजी भाषा भरलेली! तो घरांतल्या पोराला जवळ बसवतो आणि पाटीवर बोट फिरवतो. लागलीच हत्ती नाचूं लागतो, सफरचंद गाणें म्हणूं लागतें, एक बाई हंसत हंसत इंग्रजींत कांहीं सांगते. पोर टाळ्या पिटतें. आईबापांच्या डोळ्यांत पाणी येतें. आपण राहिलों तसे राहिलों, पण पोर साहेबाची भाषा बोलणार! तेवढ्यांत हप्त्यांचा कागद पुढें सरकतो, आणि ऊंसाच्या बिलावर किंवा दारांतल्या शेळीवर पुढच्या वर्षाचा हिशेब मांडला जातो.

मग पालक शाळेंत येऊन विचारतात, “गुरुजी, घेऊं का?” ह्या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर नाहीं, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे. यंत्राचा तिटकारा आम्हांस मुळींच नाहीं. मराठी अध्यापक विद्यालयांतून पदविका घेऊन खेड्यांत आलेल्या आमच्यासारख्या मास्तरांना तर त्याची गरज पोरांहून अधिक आहे. आम्ही ज्या इंग्रजीवर वाढलों ती छापील इंग्रजी. पुस्तकांतल्या अक्षरांवर अंदाजानें उच्चार बसवायचा आणि तोच पुढच्या पिढीच्या पदरांत टाकायचा, अशी आमच्याकडची परंपरा. महाराष्ट्रांत २००० सालीं पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. पुस्तक आलें, वेळापत्रकांत तास आला. परंतु ती भाषा पोराच्या कानावर कोण घालणार, ही अडचण होती तशीच राहिली. शहरांतल्या वकील-डॉक्टरांच्या घरीं ती जेवतांना कानावर पडते. आमच्या वाडीवर ती पडते एका तासापुरती, आणि तीही आमच्याच तोंडून.

तेव्हां चित्रें, आवाज आणि हलतीं-बोलतीं चित्रें हीं आमच्या पोरांची चैन नसून गरज आहे, हें आमचें पहिलें म्हणणें. दुसरें असें कीं, ज्या साधनापुढें पोराला तोंड उघडावें लागत नाहीं त्यापासून तें दुसरी भाषा बोलायला शिकत नाहीं. फार तर त्याची करमणूक होते. विक्रेता पहिली गोष्ट मोठ्यानें सांगतो आणि दुसरी पोटांत ठेवतो.

चित्रांवरून परकी भाषा शिकवण्याची युक्ति कोणा कंपनीनें काल-परवां काढलेली नाहीं. युरोपांत मोराव्हिया प्रांतीं १५९२ सालीं जन्मलेला कोमेनियस नांवाचा एक शिक्षक होता. धर्माच्या नांवावर झालेल्या लढायांनीं त्याला देशोधडीला लावलें, पण पोरांना न समजणारे शब्द घोकायला लावूं नका, आधीं वस्तु दाखवा, हा आपला हट्ट त्यानें सोडला नाहीं. त्या काळीं तिकडची सर्व विद्या लॅटिन भाषेंत कोंडलेली होती, जशी आपल्याकडे संस्कृतांत. लॅटिन शिकायची म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करायचे आणि छड्या खायच्या. कोमेनियसानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग शहरीं एक पुस्तक छापविलें. त्यांत दर पाठाला एक चित्र, चित्रांतल्या वस्तूंना आंकडे, आणि खालीं तेच आंकडे घालून लॅटिन व जर्मन वाक्यें शेजारीं शेजारीं. आरंभीं मुळाक्षरें दिलीं तींसुद्धां आवाजावरून: कावळ्याच्या ओरडण्यावरून एक अक्षर, कोंकराच्या बें-बेंवरून दुसरें. म्हणजे चित्र आणि आवाज यांची जोडी त्यानें वीज नसतांना जमवली होती.

पण आम्हांस त्या पुस्तकाचें खरें कौतुक वाटतें तें निराळ्या कारणानें. त्यांत लोहार भट्टीपाशीं उभा आहे, कुंभार चाकावर आहे, विणकर मागावर बसला आहे. सुतार आहे, शिंपी आहे, चांभार आहे, नांगर धरलेला कुणबीही आहे. पंडितांची भाषा शिकायची ती ह्या लोकांच्या हत्यारांचीं नांवें घेत घेत! आज आमच्या पोरांपुढें कांचेच्या पाटींतून जें जग येतें त्यांत बर्फाचा माणूस आहे, वाढदिवसाचा केक आहे, धुराड्यांतून उतरणारा म्हातारा आहे. माण-खटावच्या पोरानें बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. ‘स्नोमॅन’ हा शब्द त्याला घडाघडा येतो. आणि आईच्या हातांतल्या विळ्याला ‘सिकल’ म्हणतात हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें. जें पाहिलें नाहीं त्याचें चित्र, आणि जें कधीं बोलायचें नाहीं त्याचा शब्द. असें पोर घरीं येऊन त्या इंग्रजींत बोलणार तरी काय?

आतां चित्राचा कसा उपयोग होतो आणि कोठें तें अडतें हें थोडें फोड करून सांगतों, कारण पालकांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. शेळीचें चित्र दाखवून मास्तरानें ‘गोट’ म्हटलें कीं मध्यें मराठी शब्दाची मध्यस्थी लागत नाहीं. डोळा वस्तूवर, कान शब्दावर, आणि दोहोंची गांठ पडते. परंतु पुष्कळ वर्गांत काय होतें? चित्राखालीं इंग्रजी शब्द, त्याखालीं देवनागरींत उच्चार, त्याखालीं मराठी अर्थ. पोर शहाणें असतें. तें सर्वांत सोपी ओळ वाचतें आणि बाकीचें सोडून देतें. चित्र फुकट गेलें.

दुसरी अडचण अशी कीं, चित्र अनेक गोष्टी एकदम सांगतें. मुलगा कुत्र्यामागें धांवत आहे, असें एक चित्र घ्या. मास्तर बोट ठेवून म्हणतो, ‘रन’. पोराला काय समजावें? मुलगा, कुत्रा, धांवणें, कीं भीति? म्हणून क्रियापदाला एक चित्र कधीं पुरत नाहीं. धांवणाऱ्याशेजारीं बसलेला हवा, बसलेल्याशेजारीं निजलेला हवा. फरकांतून अर्थ निघतो. आणि कांहीं शब्दांपुढें तर चित्र हात टेकतें. ‘काल’ ह्या शब्दाचें चित्र कोणीं काढावें? ‘इमानदार’ ह्याचें? तेथें सरळ एक मराठी शब्द सांगून मोकळें व्हावें. मराठीचा एकही शब्द उच्चारायचा नाहीं असें सोंवळें पाळणारे कांहीं लोक निघाले आहेत. त्यांच्या वर्गांत अर्ध्या तासाच्या हातवाऱ्यांनंतर पोरांना चुकीचा अर्थ समजतो.

आणि चित्राहून वस्तु केव्हांही सरस. आमच्या भागांत बेंदूर झाला कीं पूजेचे मातीचे बैल पोरांच्या ताब्यांत येतात. ते वर्गांत आणवावेत, एक खेळण्यांतली गाडी ठेवावी. बैल गाडीखालीं गेला, ‘अंडर’. गाडीवर चढला, ‘ऑन’. मागें राहिला, ‘बिहाइंड’. मग बैल पोराच्या हातांत द्यावा आणि मास्तरानें नुसतें विचारावें, बैल कोठें आहे? पोरें स्वतःच बैल नाहीं त्या ठिकाणीं नेऊन ठेवतात, हंसतात, आणि उत्तर देतात. दोन दिवसांत जे शब्द तोंडांत बसतात ते पुस्तकाच्या पानावर महिनाभर बसत नाहींत. खर्च म्हणाल तर कुंभाराला दिलेले दहा-वीस रुपये, तेही सणाचे.

आवाजाची गोष्ट चित्राहून मोठी आहे. आपली मराठीच पाहा. ‘तो बाजाराला जात आहे’ ह्यांतला ‘जात’ आणि ‘त्याची जात कोणती?’ ह्यांतला ‘जात’, अक्षरें अगदीं तींच. उच्चार मात्र निराळे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च एकच लिहितों, बोलतों दोन तऱ्हांनीं. लिपींत ह्या फरकाला खूण नाहीं, कोणत्याही पुस्तकांत तो मुलाला शिकवीत नाहींत. तरी आमच्या गांवचें चार वर्षांचें पोर त्यांत चुकत नाहीं. कां? तर तें कानानें शिकलें. उद्यां कोणी परदेशी माणूस नुसत्या पुस्तकावरून मराठी शिकून आला तर तो पहिल्याच वाक्यांत हंसें करून घेईल. आमच्या पोरांची इंग्रजी अशीच पुस्तकी असते. द्राक्षाच्या वेलाला ‘व्हाइन’ म्हणतात आणि द्राक्षाच्या दारूला ‘वाइन’. पहिल्यांत वरचे दांत खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यांत ओठांचा चंबू होतो. आमच्या तोंडून दोन्ही एकच निघतात. ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘पेन’ निराळें, ‘पॅन’ निराळें. त्याहून अवघड म्हणजे इंग्रजींतला आघात. ‘फोटोग्राफ’ म्हणतांना जोर पहिल्या अक्षरावर, आणि त्यांतूनच निघालेल्या ‘फटॉग्रफी’ शब्दांत तो सरकून दुसऱ्यावर जातो. मराठींत असा जोर सरकवून बोलण्याची रीत नाहीं, त्यामुळें फळ्यावर कितीही रेघा मारून तो समजावतां येत नाहीं. तो ऐकावाच लागतो; एकदां नाहीं, पन्नासदां. माणूस पन्नासदां तेंच म्हणून थकतो आणि चिडतो. यंत्र थकत नाहीं. ह्या एका कामांत यंत्र आमच्याहून थोर आहे हें कबूल केलेंच पाहिजे.

हें जगानें फार पूर्वीं ओळखलें. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून परक्या भाषा शिकवणारी लिंग्वाफोन ही संस्था लंडनमध्यें १९०१ सालीं निघाली. बी.बी.सी.नें १९४३ सालीं रेडिओवरून परदेशीयांना इंग्रजीचे पाठ देण्यास आरंभ केला. पण तबकडी असो कीं रेडिओ, त्यांत एक खोट होती. तीं बोलत राहायचीं आणि शिकणारा ऐकत राहायचा. देवळांत पुराण चालावें तसें! पुराणिक सांगतो, श्रोते माना डोलावतात, शेजारचा म्हातारा घोरूं लागतो, आणि पुराण तसेंच पुढें चालतें. श्रोत्याला समजलें कीं नाहीं ह्याच्याशीं पुराणिकाला कर्तव्य नाहीं. उलट आपल्या शाहिरांचे सवाल-जवाब आठवा. तेथें एकानें सवाल टाकला कीं दुसऱ्याला जवाब द्यावाच लागतो, नाहीं तर सभा हुर्यो करते. भाषा शिकण्याची खरी रीत ती.

आफ्रिकेंतल्या केनिया देशानें रेडिओला ही रीत शिकवली. तेथल्या खेड्यांतलीं पोरें घरीं निरनिराळ्या आफ्रिकी भाषा बोलतात आणि शाळेंत त्यांना इंग्रजी शिकावी लागते. मास्तरांची इंग्रजी आमच्यासारखीच. १९८० ते १९८५ ह्या पांच वर्षांत पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठीं तेथें रेडिओवरून इंग्रजीचे पाठ देण्याचा प्रयोग झाला. त्याची खुबी अशी कीं, रेडिओ प्रश्न विचारी आणि मग गप्प बसे. दोन-चार क्षण नुसती शांतता! तेवढ्यांत सबंध वर्गानें मोठ्यानें उत्तर द्यायचें, किंवा सांगितलेली कृति करायची. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे, आणि पोरांना आपलें आपल्यालाच कळे कीं चुकलों कीं बरोबर आलों. रेडिओला समोरचीं पोरें दिसत नाहींत, तरी तो त्यांच्यासाठीं थांबतो. त्या थांबण्यांत सगळें शिक्षण भरलेलें आहे असें आमचें मत आहे. वर्गांतला मास्तरही त्या वेळीं रिकामा नसतो. कोण बोललें, कोणीं नुसते ओठ हलविले, हें तो पाहतो. आणि पोरांबरोबर त्याचाही उच्चार सुधारतो, ही गोष्ट त्यानें कोणाला सांगितली नाहीं तरी चालेल.

आतां हलत्या-बोलत्या चित्रांकडे, म्हणजे व्हिडिओकडे वळूं. त्यांत दोन लाभ अधिक आहेत. बोलणाऱ्याचे ओठ व जीभ दिसते. वर सांगितलेला ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ यांतला फरक आरशांत पाहावा तसा दिसतो. आणि प्रसंग दिसतो: दुकानांत काय म्हणतात, दवाखान्यांत काय म्हणतात, नाहीं म्हणतांना तोंड कसें होतें. परंतु येथेंच फसगतही मोठी. अमेरिकेंत सिॲटल येथील विद्यापीठांत पॅट्रिशिया कूल ह्या विदुषीनें २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांचीं इंग्रजी घरांतलीं बाळें घेतलीं. कांहीं बाळांशीं चिनी भाषा बोलणारीं माणसें बारा बैठका खेळलीं, पुस्तकें वाचून दाखवलीं. दुसऱ्या बाळांना तींच माणसें, तेंच बोलणें, पडद्यावर दाखवलें. आणखी कांहींना नुसतें ऐकविलें. पहिलीं बाळें चिनी भाषेंतले बारीक आवाज ओळखूं लागलीं. पडद्यापुढचीं आणि नुसतें ऐकणारीं बाळें जशीं होतीं तशींच राहिलीं. हा नियम तान्ह्या बाळांचा आहे. मोठीं पोरें पडद्यावरून बरेंच शिकतात, हें आम्ही वर्गांत पाहतों. पण आईच्या मांडीवरच्या लेकराला इंग्रजी यावी म्हणून त्याच्या हातीं मोबाईल देणाऱ्या घरांनीं हा प्रयोग जरूर ध्यानांत घ्यावा.

येथें कोणी म्हणेल, “गुरुजी, आमचीं पोरें टीव्हीवरचीं कार्टून पाहून फर्डी हिंदी बोलतात, तीं कोणत्या मास्तरानें शिकवलीं?” हरकत योग्य आहे. पण हिंदी ही मराठीची बहीण. लिपि तीच, शेंकडों शब्द तेच, वाक्याची ठेवण जवळजवळ तीच; अर्थाचा निम्मा रस्ता पोरानें आधींच चालून झालेला असतो. शिवाय ती बोलायला माणसें मिळतात. आठवडी बाजारांतला फळवाला, वीटभट्टीवरचा मजूर, फरशी बसवायला आलेला कारागीर, यांच्याशीं पोर दोन शब्द बोलून पाहतें आणि निभावतें. इंग्रजीला यांतलें कांहीं नाहीं. ना तिचे शब्द ओळखीचे, ना वाडींत ती बोलणारा कोणी. म्हणून पडद्यावरून हिंदी आली तशी इंग्रजीही येईल, हा हिशेब चुकतो.

व्हिडिओखालीं अक्षरें उमटतात त्यांविषयींही एक शब्द. कोणत्या भाषेंतलीं अक्षरें असावींत? हॉलंडमध्यें २००९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डच लोकांना स्कॉटलंड व ऑस्ट्रेलियाच्या अनोळखी ढंगाची इंग्रजी चित्रें दाखविलीं. ज्यांनीं खालीं इंग्रजी अक्षरें वाचलीं त्यांचा कान त्या ढंगाला सरावला. ज्यांनीं आपल्या डच भाषेंतलीं वाचलीं त्यांना पुढें नवीं वाक्यें समजण्यास उलट अडथळा झाला. कारण उघड आहे. मातृभाषेचीं अक्षरें दिसलीं कीं कान झोंपीं जातो. तेव्हां ज्या पोरांना इंग्रजी वाचतां येऊं लागली आहे, त्यांनीं खालीं इंग्रजीच अक्षरें लावावींत. लहानांना मात्र आधीं गोष्ट मराठींत सांगून मग चित्र दाखवावें, म्हणजे अर्थ शोधण्यांत त्यांची शक्ति खर्च होत नाहीं.

इंग्रजीच्या ह्या सगळ्या गडबडींत एक गोष्ट आपण विसरतों. महाराष्ट्रांत हजारों पोरांची दुसरी भाषा इंग्रजी नाहींच. ती मराठी आहे. मेळघाटांतलें पोर घरीं कोरकू बोलतें, गडचिरोलीकडचें गोंडी बोलतें, नंदुरबारच्या डोंगरांतलें भिली किंवा पावरी बोलतें. यांपैकीं गोंडी ही तेलुगू-कानडीच्या कुळांतली आणि कोरकू तर मुंडा कुळांतली. मराठीशीं त्यांचें नातें नाहीं. हें पोर सहा वर्षांचें होऊन शाळेंत येतें आणि आमच्या पोराला पहिल्या दिवशीं इंग्रजी जशी लागते तशीच त्याला मराठी लागते. पण त्याच्यासाठीं कोणी कांचेची पाटी घेऊन जात नाहीं, कारण त्याच्या बापाकडे हप्ता देण्यासारखें कांहीं नसतें. पुस्तकांतलें चित्र पाहून तें आपल्या बोलींतलें नांव सांगतें. उत्तर बरोबर असतें. वहींत मात्र चुकीची खूण पडते. चित्रें, आवाज आणि व्हिडिओ यांवर सरकारचा पहिला पैसा कोठें खर्च व्हावा असें कोणी आम्हांस विचारलें तर आम्ही ह्याच शाळांकडे बोट दाखवूं. त्या पाड्यावरच्या आजीनें आपल्या बोलींत सांगितलेली गोष्ट आधीं, तीच गोष्ट मराठींत मागून, आणि दोहोंना चित्र एकच. एवढें साधन झालें तरी पहिलें वर्ष रडण्यांत जाणार नाहीं.

आणि हें साधन करायला परदेशांतून कोणी यावें लागत नाहीं. बोलणाऱ्या यंत्राची एक बाजू विक्रेता दाखवीतच नाहीं: तें ऐकवतें तसें ऐकूनही घेतें. ज्या मोबाईलवर पोर तासन् तास दुसऱ्याचें बोलणें ऐकतें, त्याच मोबाईलवर त्याचें स्वतःचें बोलणें भरून ठेवतां येतें. आमच्या पांचवीच्या मुलांना आम्हीं एक काम दिलें होतें. गांवांतल्या एका धंद्यापाशीं जायचें, दोन मिनिटांचें चित्र घ्यायचें आणि त्यावर इंग्रजींत पांच वाक्यें बोलायचीं. एक तुकडी कुंभारवाड्यांत गेली, एक सुताराच्या नेटावर, एक गुऱ्हाळावर. गुऱ्हाळावरच्या पोरांना चुलवाणाला आणि काहिलीला इंग्रजी शब्दच सांपडेनात. तेव्हां ‘बिग पॅन’ म्हणून त्यांनीं वेळ मारून नेली, ‘काहील’ हा शब्द मात्र तसाच ठेवला. तें आम्हांस पुष्कळ आवडलें. घरीं स्वतःचा आवाज ऐकून एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, मी ‘फार्मर’ म्हणतांना ‘फारमर’च म्हणतें, परत घेऊं का?” तिनें तें सात वेळां परत घेतलें. आम्हीं सांगितलें असतें तर दोनदां म्हणून कंटाळली असती. परगांवचा कोणी आवाज देऊन जें होत नाहीं तें स्वतःचाच आवाज कानावर पडल्यानें होतें.

आतां त्या फेरीवाल्याला काय उत्तर द्यावें? सही करण्यापूर्वीं त्याला दोन दिवस ती पाटी घरीं ठेवूं द्या म्हणावें, आणि माऊल्यांनीं एक परीक्षा घ्यावी. तिला इंग्रजी येण्याची गरज नाहीं, अक्षरओळखीचीही नाहीं. भाकरी थापतां थापतां नुसतें पोराच्या तोंडाकडे लक्ष ठेवावें. पाटी विचारते आणि थांबते का? पोर मोठ्यानें उत्तर देतें का? कीं नुसतें बोटानें रंगीत चौकोन दाबतें आणि टाळ्यांचा आवाज ऐकून खूष होतें? अर्ध्या तासांत पोराचें तोंड दहा-वीस वेळां उघडलें नाहीं तर ती पाटी परत द्यावी. तिच्यांत इंग्रजी असेल, पण ती पोरापर्यंत येत नाहीं. उघडलें तरीही कर्ज काढूं नये. कारण सरकारी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर ठिपक्यांची जी चौकोनी खूण छापलेली असते, तिच्यावर घरांतला साधा मोबाईल धरला कीं ‘दीक्षा’ ह्या सरकारी मंचावरचे धडे व चित्रें उघडतात, आणि त्यांना पैसे पडत नाहींत. हा मंच २०१७ सालापासून आहे. धडे सगळेच चांगले आहेत असें नाहीं. कांहीं तर पुराणाच्याच वळणाचे आहेत. तेथें मध्येंच थांबवून आईनें किंवा थोरल्या भावानें विचारावें, “ती बाई काय म्हणाली? तूं म्हणून दाखव.” हें थांबवणें कोणत्याही पाटीला विकत मिळत नाहीं.

शाळेंतल्या यंत्रांची हकीगत तर निराळीच. गांवोगांव लोकवर्गणीनें टीव्ही घेतले गेले; त्यांवर वर्गणीदारांचीं नांवें रंगवलेलीं आहेत. कित्येक ठिकाणीं वीजबिल थकलें म्हणून तो बंद, कित्येक ठिकाणीं बिघडेल ह्या भीतीनें कुलुपांत, आणि कित्येक ठिकाणीं तो चालतो तो मास्तरांना माहिती भरायची असते तेव्हां पोरें गप्प बसावींत म्हणून. माहिती भरण्याचीं कामें मास्तरांच्या डोक्यावर किती आहेत हें आम्हांस ठाऊक आहे; तरीही पोरांना गप्प बसवण्यासाठीं भाषेचें यंत्र वापरणें म्हणजे नांगर कुंपणाला लावून ठेवण्यासारखें आहे. शाळेला आधीं मोठा पडदा लागत नाहीं. चांगल्या आवाजाचा एक लहान लाउडस्पीकर, थांबत थांबत विचारणारे पाठ, आणि तेवढा वेळ कागद बाजूला ठेवून पोरांकडे पाहणारा मास्तर, इतकें पुरतें.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असें ठरविलें आहे. ह्या समितीच्या बैठकीस पुष्कळ पालक सहीपुरते जातात. पुढच्या खेपेस जाल तेव्हां टीव्हीच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते हें आधीं विचारा. मग यंत्र लावायला सांगा, एक पाठ सुरू करायला सांगा, आणि आपण पडद्याकडे पाठ करून पोरांकडे तोंड करून बसा.

— एक खेड्यांतला मास्तर